मदत हवी आहे: हाय चेअरच्या ट्रेवर रंगकामासाठी काय बसवता येईल?

मुलगी 20 महिन्यांची आहे. हाय चेअरमध्ये बसवलं की रंगवण्यात छान रमते, पण जेवणाचा ट्रे तोच आणि रंगांचाही तोच. कागद सरकतो, खडू घरंगळून खाली जातात, आणि बोटांनी रंगवायचा रंग ट्रेच्या कडेच्या खाचेत जाऊन बसतो. काल तर टूथपिकने उकरून काढला!

मास्किंग टेपने कागद चिकटवून पाहिला. दोन मिनिटांत नखाने सोलला आणि टेप थेट तोंडात. सिलिकॉनची चटई टाकली, तर कोपरा धरून रंगांसकट उचलते. ट्रे खरखरीत असल्यामुळे सक्शनवाली वाटीही धरत नाही.

ट्रे प्लास्टिकचा, काढता येणारा, साधारण 50 बाय 30 सेंमी, कड जेमतेम 2 सेंमी. भोकं पाडायची नाहीत, आणि तिला बांधायचे पट्टे मोकळे राहायला हवेत. सुटे चुंबक, स्क्रू, छोट्या क्लिपा अजिबात नकोत. जमिनीवर बसवा असं कृपया सुचवू नका, तिथून ती खडू घेऊन थेट भिंत गाठते.

ट्रेच्या कडेवर घट्ट बसणारी, कागद धरून ठेवणारी आणि नळाखाली धुता येणारी पाटी कोणी वापरली आहे का? घरीच करायची तर कोणतं मटेरियल घेऊ, आणि ती तिला उचलता येऊ नये म्हणून खालून काय लावू?