४० कलमांवर भागतं का, की अजून बाग कराराने घ्यावी?

कातळावरचा
राजापूरजवळ आमची एक एकर बाग आहे, आजोबांनी लावलेली ४० हापूस कलमं. खाली थोडं भात, तेपण तीन तुकड्यांत. शेजारचे काका आता थकलेत, त्यांची १०० कलमं तीन वर्षं कराराने घे म्हणतायत. पंप, पाईप आहेच, झाडांची संख्या वाढली की खर्च वाटला जाईल असं मला वाटतं, पण आई म्हणते आहेत ती आधी नीट बघ. कोणी केलंय का असं?

देवगडकर
पंपाचा खर्च वाटला जातो, औषधाचा नाही, ते झाडागणिक लागतं. ४० कलमांचा आंबा तुम्ही घरचेच झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) काढाल, पेट्या भराल, ओळखीवर पुण्याला घरपोच द्याल. १४० झाली की राखणदार, गडी आले, त्यांचा पगार आणि राशन आंबा यायच्या कितीतरी आधी चालू होतं आणि मोहोर करपला तरी थांबत नाही, वर एवढा माल एकदम निघाला की वाशीच्या घाऊक बाजारात पाठवावाच लागतो, तिथे दर आपल्या हातात नाही. मी ९० वरून ३०० वर गेलो, पहिली दोन वर्षं नुसतं कर्ज फेडलं.

वेंगुर्लेकरीण
पण लहान शेती परवडते म्हणतो तेव्हा घरची मजुरी धरतो का आपण? मागल्या पावसाळ्यात मी वहीत दिवस लिहिले. १० गुंठे भात, तरवा (भाताची रोपं) पेरण्यापासून झोडणीपर्यंत घरच्यांचे मिळून ३१ दिवस, भात आलं साडेतीन क्विंटल. २०२४-२५ चा हमीभाव २३०० धरला तर ८०५०, आणि मजुरी दिवसाला ४०० ने धरली तरी १२,४००. अमर्त्य सेन यांनी १९६२ मध्येच हे मांडलंय, घरची माणसं मजुरी न मोजता राबतात म्हणून लहान शेतीचं एकरी उत्पन्न जास्त दिसतं. सासूबाईंचे त्यातले १४ दिवस होते, गुडघे सुजलेले असताना. ते कोणी मोजत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

दापोलीवाला
घेणारच असाल तर सातबारा आधी बघा. सामाईक असेल तर सगळ्यांच्या सह्या घ्या, नायतर आंबा धरल्यावर कोणीतरी हिस्सा मागायला येतोच.

कातळावरचा
बघितला, ११ नावं आहेत, चारजण मुंबईला. आई म्हणते बांधाला लागून ३० कलमं आहेत तेवढीच माग, राखण घरूनच होईल. उद्या काकांकडे जातो, वही पण आजपासून चालू केली.