जपानी मजकुरात चिनी वळणाची अक्षरं: फॉण्टचा क्रम चुकतो की भाषेची खूण?

मकरपुरा_मॅन्युअल
बडोद्यात यंत्रांच्या माहितीपुस्तिका करणाऱ्यांना मराठी-इंग्रजीसोबत चिनी, जपानी, कोरियन मजकूरही बसवावा लागतो. माझं मत सरळ आहे. लिनक्सवर नोटो सीजेके (चिनी-जपानी-कोरियन फॉण्ट) पॅकेज टाका, फॉण्टकॉन्फिगमध्ये, म्हणजे फॉण्ट निवडणाऱ्या व्यवस्थेत, सॅन्स-सेरिफखाली आधी देवनागरी, मग लॅटिन, मग नोटो सॅन्स सीजेके जेपी (जपानी), एससी (सोपी चिनी) आणि केआर (कोरियन) असा क्रम लावा. एफसी-कॅश ही आज्ञा चालवली की अक्षरांऐवजी दिसणारे रिकामे चौकोन जातात. परिच्छेदागणिक भाषा नेमत बसायची हमाली कशाला?

रावपुरा_डीटीपी
चौकोन गेले, पण चूक राहिली. आता ती फक्त दिसत नाही, एवढंच. युनिकोडने १९९२ साली चिनी, जपानी आणि कोरियन चित्राक्षरं एकत्र करून २०,९०२ क्रमांकांत बसवली. 'हाड' या अर्थाच्या अक्षराचा क्रमांक तिन्हीकडे ९एए८ हाच. वरच्या चौकटीच्या आतला छोटा कोपरा चीनच्या वळणात डावीकडे असतो, जपानी वळणात उजवीकडे. फॉण्टच्या यादीला दिसतो फक्त क्रमांक. जेपी आधी ठेवलात तर चिनी मजकूर जपानी वळणात येणार, एससी आधी ठेवलात तर उलट.

आपल्या ल आणि श चंही तेच नाही का? उजवीकडे उभी दांडी असलेला हिंदी वळणाचा ल मराठी पुस्तकात दिसला की खटकतोच. फॉण्टमध्ये मराठी वळण असलं तरी मजकुरावर मराठीची खूण, म्हणजे त्याची भाषा मराठी आहे अशी नोंद, नसेल तर ते बाहेर येत नाही.

मकरपुरा_मॅन्युअल
खटकतो, पण वाचता येतो ना? आणि सुट्या भागांच्या यादीतली नावं, फाईलची नावं, मेलचा विषय, यांना खूण कोण लावणार? तिथे क्रमच कामाला येतो.

सयाजीगंज_वेब
खूण नसेल तिथे क्रम लागणारच, मान्य. पण खूण लावता येत असूनही न लावणं हा निव्वळ आळस. आणि क्रमाने न सुटणारी आणखी एक गोष्ट आहे: अवतरणचिन्हं. वळणदार दुहेरी चिन्हांचा क्रमांक मराठी, इंग्रजी, चिनी सगळीकडे एकच. सीजेके एससी यादीत आधी आला तर मराठी वाक्यातली चिन्हं पूर्ण अक्षराएवढी रुंद होतात आणि शब्दाशेजारी भगदाड पडतं. देवनागरी आधी ठेवा, मग चिनी वाक्यातली चिन्हं आखडतात. तुमचा क्रम मराठीला बरा, चिनीला नाही.

वेबपानावर परिच्छेदाला लँग (भाषेची खूण) द्या: जेए (जपानी), केओ (कोरियन), झेडएच-हान्स (सोपी चिनी), झेडएच-हान्ट (पारंपरिक चिनी). नुसतं झेडएच मोघम, टाळा. मग सीएसएसमध्ये प्रत्येक लँगसाठी वेगळी फॉण्ट-फॅमिली. फॉण्टकॉन्फिगमध्ये मात्र झेडएच-सीएन, झेडएच-टीडब्ल्यू अशी नावं चालतात, इथे बरेच जण अडकतात. नियम असा: लँगमध्ये जेए असेल आणि फॅमिली सॅन्स-सेरिफ असेल तर सीजेके जेपी प्रीपेंड करा, म्हणजे यादीत पुढे घाला, बाइंडिंग स्ट्राँग. मग एफसी-मॅचला (कोणता फॉण्ट निवडला जातो ते सांगणारी आज्ञा) सॅन्स-सेरिफ एकदा जेए, एकदा झेडएच-सीएन देऊन विचारा. दोन्हीला एकच फॉण्ट आला तर नियम लागलेला नाही.

लाइन-हाइट (ओळीची उंची) आकड्यात द्या, १.५ वगैरे. ती 'नॉर्मल' ठेवली तर नोटो सीजेकेची उंची १.४४८ एम (फॉण्टच्या आकाराच्या १.४४८ पट) असल्याने एका चित्राक्षरापायी ओळ उघडते.

रावपुरा_डीटीपी
लिब्रेऑफिसवाल्यांसाठी: तिथे फॉण्टचे तीन खण असतात, पाश्चात्त्य, आशियाई आणि सीटीएल (गुंतागुंतीच्या मांडणीच्या लिप्या). देवनागरी सीटीएलमध्ये जाते, चित्राक्षरं आशियाईमध्ये. आशियाई खणात फॉण्टसोबत भाषाही निवडा. डेबियन या लिनक्समधल्या नोटो सीजेकेच्या मूळ पॅकेजात रेग्युलर आणि बोल्ड एवढीच वजनं येतात. मथळा मीडियममध्ये हवा तर एक्स्ट्रा पॅकेज लागतं. कोरियनची फार चिंता नको, हांगुल या कोरियन लिपीची ११,१७२ अक्षरं स्वतंत्र क्रमांकांवर आहेत, गोंधळ फक्त हांजात, म्हणजे कोरियनमधल्या चित्राक्षरांत होतो.

मकरपुरा_मॅन्युअल
पुस्तिकेपुरती खूण मान्य. लेबलाच्या प्रिंटरला भाषा कळत नाही, त्याला क्रमही कळत नाही, जो फॉण्ट दिला तो छापतो. तिथे जपान आणि चीनसाठी दोन वेगळे टेम्प्लेट ठेवावेत, एकात जेपी, दुसऱ्यात एससी, आणि ऑर्डरमधल्या देशावरून निवड व्हावी.

सयाजीगंज_वेब
तैवानचा तिसरा ठेवा, टीसी (पारंपरिक चिनी). तिथल्या ऑर्डरला चीनचा टेम्प्लेट लावाल तर पुन्हा तोच घोळ.