विषय: कार्पेटखालच्या भेगा – गुरुवारी हार्डवूडवाले येत आहेत

सप्रेम नमस्कार,
काल बैठकीच्या खोलीतील कार्पेट उचलले, तेव्हा काँक्रीटच्या स्लॅबवर तीन बारीक भेगा दिसल्या. सर्वांत लांब भेग पँट्रीच्या दारापासून थेट फायरप्लेसपर्यंत गेली आहे. इपॉक्सी (घट्ट होणारी चिकट राळ) भरून वर हार्डवूडची लाकडी फरशी बसवली की काम झाले, असे मुकादम म्हणतो. घराचा पाया दुरुस्त करणाऱ्या फाउंडेशनवाल्यांच्या ‘मोफत’ तपासणीचे किस्से आपल्या डॅलस परिसराच्या या ई-मेल यादीवर पुरेसे वाचले आहेत, त्यामुळे तो सल्ला नको. गुरुवारचे काम होऊ द्यावे का?
– फ्रिस्कोहून

ताई,
भेगेची रुंदी आपण लिहिलीच नाही. पंचवीस सेंटचे नाणे १.७५ मिलिमीटर जाड असते. ते भेगेत शिरत नसेल आणि बोट आडवे फिरवल्यास दोन्ही कडा एका पातळीत लागत असतील, तर बहुधा काँक्रीट सुकताना आकसल्याने ती पडली आहे. एक कड वर आली असेल, तर मात्र खालची जमीन हलली असावी. नोकरीत असताना काळ्या मातीवरील क्वार्टर्सच्या फरश्या पावसाळ्यात फुगलेल्या आणि मे महिन्यात खचलेल्या मी पाहिल्या आहेत. डॅलसची काळी माती त्याच जातीची आहे.
– प्लेनोचा काका

काका,
माती एका जातीची असली, तरी स्लॅब एका जातीचे नाहीत. फ्रिस्कोतील बहुतेक नव्या घरांच्या स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी केबल असतात. गराजच्या जमिनीवर तशी सूचना उमटवलेली आहे का, हे पाहण्याआधी तेथे एकही खिळा किंवा ड्रिल चालवू देऊ नये. शिवाय नाण्याने आजची रुंदी कळते. भेग वाढते आहे की नाही, हे कळत नाही. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. ऑगस्टमध्ये घराभोवतीची माती वाळून आकसते, म्हणून पाऊस झाल्यावर पुन्हा मोजावे.
– अर्व्हिंगहून

नमस्कार,
हा धागा गणपतीच्या जेवणाच्या नोंदणीसाठी होता, याची नम्र आठवण. आता विषय निघालाच आहे, तर ओल कोणीच विचारात घेतलेली नाही: अठरा इंची चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून सोळा तास ठेवावे आणि खाली पाणी जमले, तर लाकूड बसवू नये. माझे लाकूड दोन वर्षांत फुगले होते.
– यादी-व्यवस्थापक

सर्वांचे आभार. नाणे शिरले नाही, परंतु पँट्रीकडची कड बोटाला स्पष्ट लागते, आणि ते दार जूनपासून घासत आहे; आम्ही त्याचा दोष बिजागरीला देत होतो. गुरुवारचे काम रद्द केले असून, दुरुस्तीचे काम न घेणाऱ्या परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरची वेळ घेतली आहे. ज्यांच्याकडे जमिनीची पातळी तपासायची सहा फुटी लेव्हल असेल, त्यांनी ती रविवारी बालवर्गाला येताना कृपया आणावी.
– फ्रिस्कोहून