रात्री नको, उजाडता उजाडता निघा

मुलं झोपेत राहतील म्हणून आजी-आजोबांकडे रात्रभर गाडी चालवत जावं, असं काही जण सुचवतात. मला ते अजिबात पटत नाही. रात्री 2 ते पहाटे 6 या वेळात झोपेचा अंमल सगळ्यात जास्त असतो, आणि मागे सगळे गाढ झोपलेले असले की चालवणाऱ्याशी बोलायलाही कोणी नसतं. लवकर झोपा, उजाडता उजाडता निघा, दर दोन तासांनी थांबा.

गाडी लागण्याबद्दल: डोळे मोबाइलवर खिळलेले आणि कानातला तोल सांभाळणारा भाग मात्र वळणं टिपतोय, या विसंगतीने मळमळतं. मोबाइल काढून घ्या, समोर दूरवर बघायला सांगा.

आणि उन्हाळा आहे म्हणून कळकळीने सांगते, दोन मिनिटांसाठीसुद्धा मूल बंद गाडीत ठेवू नका. उन्हात 10 मिनिटांत आतलं तापमान जवळपास 10 अंश सेल्सिअसने चढतं. काच किंचित उघडी ठेवूनही फारसा फरक पडत नाही. झोपलेलं असलं तरी उचलून न्या, रडलं तर रडू दे.

आजी-आजोबांना नेमकी वेळ मात्र सांगू नका. ती टळली की त्यांचा जीव टांगणीला लागतो, फोन सुरू होतात आणि चालवणारा घाई करायला लागतो. "संध्याकाळपर्यंत येतो" एवढंच पुरे.