अनुभव धागा: घरं दोन, लेकरू एक

फारकत झालेली असो, नुसतं वेगळं राहणं असो की एकाच छपराखाली अबोला. लेकराचं दप्तर, आजारपण, फी या गोष्टी एकमेकांना विचारल्याशिवाय होत नाहीत. आपल्याकडच्या आडगावांत अशा वेळी मध्ये कोण पडतं आणि त्याचा उपयोग होतो का, ते लिहा. समोरच्याचं नाव-गाव नको. चूक कुणाची होती तेही नको, ते पारावर रोज चालतंच.

पऱ्हाटीवाला
पोरगी मायजवळ राह्यते. माह्यं गाव दारव्ह्याकडं, तिचं माहेर दिग्रसच्या अलीकडं. आधी भेट म्हंजे सासऱ्याच्या दारात. चार लोक जमत, कोणी तरी जुनं काढे, पोरगी आत रडत बसे. अंगणवाडीच्या मॅडमनं तोडगा काढला: भेट बाजाराच्या दिवशी, शाळेच्या ओट्यावर, कोणाच्याच घरी नाही. तिची आजी आणून सोडते. पिशवीत एक वही असते. ‘काल रातीपासून खोकला, औषध जेवल्यावर, स्वेटर घातलं आहे.’ मी परत धाडताना लिहितो, ‘भजे खाल्ले, आता कमी वाढा.’ लेकराच्या तब्येतीचं अन् शाळेचं सोडून त्या वहीत काहीच लिहायचं नाही, हा नियमही मॅडमचाच. फोनवर दुसऱ्याच वाक्याले जुनं निंघे. वहीत निंघत नाही, पोरगी उद्या वाचणार आहे ना! तान्ह्या पोळ्याले ती माह्याकडं, कारण तिचा लाकडी बैल इथं आहे. जिवतीले तिकडं, ती पूजा मायची. हे कोर्टानं लिहून देलं नाही, आमचं आम्हीच ठरवलं.

तालुका कोर्टातली वकील
वहीची कल्पना मी अशिलांना सांगणार आहे. माझ्याकडे येतात तोवर बहुतेकांची भांडणं पिकलेली असतात. कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते, हे निम्म्यांना ठाऊक नसतं. 1987 च्या विधी सेवा कायद्याने बाईला आणि लेकराला उत्पन्न न विचारता फुकट वकील मिळतो. पुरुषाला सहसा उत्पन्नाची अट लागते. मध्यस्थीलाही तिथून बसवतात. लोकअदालतीत नोंदलेल्या तडजोडीला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि तिच्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी नीट वाचा. लोक ‘मुलास भेटू द्यावे’ एवढंच लिहून मोकळे होतात. कोणत्या वारी, कुठे, कोण आणणार, एसटी चुकली तर काय, हे सगळं त्यात यायला हवं. आणखी एक: पाच वर्षांखालचं लेकरू सहसा आईजवळ, असं 1956 चा हिंदू अल्पवयीनांच्या पालकत्वाचा कायदा म्हणतो. त्यावरून ‘पाच पूर्ण झाली की बापाचं’ असं गावोगावी ऐकते. तसं त्या कायद्यात कुठेही नाही.

नाव नको
माझ्या घरी मारहाण होती. तंटामुक्त समितीत सगळे त्याच्याच भावकीतले. ‘लेकराकडं पाहून जुळवून घे’ यापुढे त्यांची गाडी सरकली नाही. आशाताईंनी 181, म्हणजे महिला हेल्पलाइनचा नंबर, लावून दिला, पुढे संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत पोचले. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यात लेकराचा तात्पुरता ताबा मागता येतो, आणि भेटीने लेकराला धोका असेल तर न्यायाधीश भेट नाकारू शकतात. वर लिहिलेलं सगळं छान आहे, पण आमच्यासारखीला कुणी ओट्यावरच्या भेटीचा आग्रह धरू नये.

वाशिमचा पोट्टा
मी त्या लेकरांपैकी, आता कमावता. इकडून तिकडं गेलो की पहिला प्रश्न, ‘काय म्हणत होते माह्याबद्दल?’ एकटे मोठे काका तो प्रश्न कधी विचारत नव्हते. वावरात न्यायचे, तुरीला पाणी द्यायला लावायचे. समुपदेशन बिमुपदेशन काही नव्हतं, पण मला तेवढं पुरलं.

आजी (नातू टाइप करून राहिला)
कोर्टात पोटगीचे पैसे दर महिन्याले लिहून देतात. ते पगारवाल्याले जमते. आमच्या पोराच्या हाती पैसा येते दिवाळीच्या टायमाले सोयाबीन विकल्यावर, मंग कापसाचा. जूनमंधी तर बियाणं अन् वह्या-पुस्तकं एकाच वेळी येतात, तवा त्याच्याजवळ दमडी नसते. दोन वेळा हप्ता चुकला अन् तिकडून नोटीस. मंग सूनबाईनंच मधला रस्ता काढला: सोयाबीनचा पैसा आला की पुढच्या जूनचा शाळेचा खर्च पहिले पोट्ट्याच्या खात्यात टाकायचा, बाकीचं कापूस विकल्यावर. मी तिले अजून सूनबाईच म्हणतो. कोणाले काय वाटते ते वाटो.

तालुका कोर्टातली वकील
आजी, हे तोंडी ठेवू नका. दोघांची संमती आहे तर हप्ते सुगीप्रमाणे ठरल्याची पुरसिस, म्हणजे तसं लेखी निवेदन, कोर्टात दाखल करून घ्या, नाहीतर पीक बुडालेल्या वर्षी जुन्याच हुकुमावर वसुली निघेल.