'मुरलेली' वाइन, तळाचा साका आणि बाकीचे शब्द

वाइन चाखताना मी वहीत टिपणं करतो. येत्या शनिवारी फ्रान्समधल्या बोर्दोची २००५ सालची रेड वाइन उघडायची आहे, आणि या वेळी सगळं मराठीत लिहायचं ठरवलंय. पहिल्याच ओळीला अडलो. इतकी वर्षं बाटलीत राहिलेल्या वाइनला म्हणायचं काय? 'जुनी' म्हटलं तर नुसतं वय कळतं. 'परिपक्व' म्हटलं की कुणाचे तरी विचार आठवतात. आणि तळाशी बसतो तो 'गाळ'च ना?

*

'मुरलेली' म्हणा. मुरलेला राजकारणी म्हणताना आपण त्याचं वय थोडंच सांगत असतो!

*

'मुरलेली'च, पण सरसकट नको. मुरणं आतल्या आत चालतं. टॅनिन (द्राक्षाच्या साली-बियांतून येणारं तुरट द्रव्य) आणि रंगद्रव्यं एकमेकांना धरत मोठी होत जातात, त्यातली काही तळाशी बसतात. म्हणून जांभळट लाल रंग विटकरीकडे झुकतो आणि तुरटपणाची धार जाते. हे न होता नुसती वर्षं गेली, तर ती वाइन जुनीच. बहुतेक वाइन लवकर पिण्यासाठीच केलेल्या असतात. ठेवल्या तर मुरत नाहीत, उतरतात. 'उतरणे' हेही वहीत असू द्या.

सेलरिंगला, म्हणजे वाइन वर्षानुवर्षं तळघरात ठेवण्याला, 'मुरत घालणे' चालेल. 'तळघर' कशाला? ते असतं किती जणांकडे? १२-१३ अंश तापमान, अंधार, हादरे नाहीत आणि बूच सुकू नये म्हणून बाटली आडवी, एवढं जमलं की कपाटही पुरतं.

'गाळ' मला पटत नाही. गाळ नदीचा, गटाराचा. द्रवाच्या तळाशी हळूहळू बसतो तो साका. आणि त्यावरून वाइन वेगळी करतात ते 'गाळणे' नव्हे, कारण गाळणी लागतच नाही. चुन्याची निवळी आठवा: चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं स्वच्छ पाणी अलगद ओतून घ्यायचं. इथेही तेच. बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा. ओतताना मानेखाली विजेरी धरा, एका दमात ओता, आणि साक्याची पहिली रेघ मानेशी आली की थांबा. माझं मत 'निवळून घेणे'ला.

*

'तुरट'बद्दल एक पुरवणी. षड्रसांत तो रस असला, तरी इथे चवीपेक्षा स्पर्शच जास्त. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ खरखरीत होते. कडू वेगळं, तुरट वेगळं. टिपणात दोन्हींची गल्लत फार होते.

*

आभार. माझी मागची एक बाटली ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली होती. त्याला काय म्हणाल?

*

'कुबट'. याहून नेमका शब्द मला तरी माहीत नाही. बुचातल्या ट्रायक्लोरोॲनिसोल नावाच्या रसायनाचा प्रताप. लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात. 'आंबलेली' म्हणू नका, तो दोष निराळा.

*

शनिवारचं टिपण: "कडेला विटकरी. वास स्वच्छ, कुबट नाही. तुरट आहे, पण जीभ ओढत नाही, मुरलेली. साका बोटभर. निवळून घेताना हात हलला, शेवटचा पेला गढूळ."