अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम: तुकडे सहा की बारा?

प्रश्न
नमस्कार. नववीतल्या मुलीला लांबलचक इंग्रजी शब्दांची स्पेलिंगे लक्षात राहावीत म्हणून आम्ही ते शब्द फोडून लिहितो. वरच्या २८ अक्षरी शब्दाचे मी अर्थाच्या अंगाने सहा तुकडे पाडले. तिने टाळ्या वाजवत बारा मोजले आणि माझा 'मेंट' हा प्रत्यय मध्येच मोडला. कोणाची फोड बरोबर मानावी?

उत्तर १
दोन्ही बरोबर आहेत, कारण आपण अर्थाचे घटक मोजलेत आणि तिने सिलॅबल, म्हणजे एका झटक्यात उच्चारले जाणारे तुकडे. मात्र अँटि, डिस, एस्टॅब्लिश, मेंट, एरियन, इझम हे सहा घटक ज्या क्रमाने दिसतात, त्या क्रमाने जोडलेले नाहीत. गाभा 'एस्टॅब्लिश', म्हणजे येथे एखाद्या चर्चला राज्याची अधिकृत धर्मसंस्था ठरवणे. 'डिस'मुळे तो दर्जा काढून घेणे, 'मेंट'मुळे त्या क्रियेचे नाम, 'एरियन'मुळे तिचा पुरस्कर्ता, 'इझम'मुळे त्याचे मत; आणि सर्वांत पुढे उभा असलेला 'अँटि' सर्वांत शेवटी लागून त्या मताला विरोध दर्शवतो. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकात हा खराखुरा वाद होता. ग्लॅडस्टन पंतप्रधान असताना १८६९ मध्ये झालेल्या कायद्याने आयर्लंडमधील चर्चचा असा दर्जा गेला आणि १८७१ च्या आरंभापासून तो कायदा अमलात आला.

उत्तर २
'मेंट' मोडतो, कारण बोलताना त्यातला 'ट' पुढच्या स्वराकडे ओढला जातो: अँ-टि-डिस्-इस्-टॅब्-लिश्-मेन्-टे-रि-अ-नि-झम्. आपल्या 'अत्यंत'चेही असेच आहे. फोड 'अति + अंत', पण जीभ म्हणते 'अत्-यंत'. स्पेलिंगसाठी मी आपलेच सहा तुकडे वापरीन. शेवटच्या 'झम्'मध्ये एस आणि एम यांच्यामध्ये स्वराचे अक्षरच नाही, त्यामुळे केवळ कानावर विसंबणारी मुले तेथे हमखास एक जादा 'ए' घुसडतात.

उत्तर ३
थोडे अवांतर, पण मुलीला आवडेल. 'हेलिकॉप्टर'मध्ये मळसूत्रासारखा वेढा दाखवणारा ग्रीक शब्द आणि पंख या अर्थाचा 'प्टेरॉन' आहेत, म्हणजे खरा सांधा 'हेलिको' आणि 'प्टर' यांच्यामध्ये पडतो. इंग्रजी बोलणाऱ्यांनी मात्र तो 'हेलि' आणि 'कॉप्टर' असा तोडला, आणि त्या चुकीच्या तुकड्यातूनच 'हेलिपॅड' तयार झाले.